घरचा आकडा

साहेबांची पेन्सिल थांबली. इतका वेळ ती एकेका नावाशी टेकत, क्षणभर विसावत, पुढे सरकत होती आणि तिच्या त्या सरकण्याबरोबर सुकलालचा जीव एकेक पायरी वर चढत होता. कागदावर सोळा नावं होती, कोरीट गावातल्या सोळा घरांची, आणि प्रत्येक नावापुढे त्या घरात औंदा कापूस किती पिकला त्याचा आकडा. अकरा नावं पार पडली. बाराव्याशी पेन्सिल अडली, मागे आली, पुन्हा तिथंच टेकली. बारावं नाव होतं लोटन गोविंद पाटील. आता घ्या! सोळांतल्या पंधरा घरांना सोडून पेन्सिलीनं ठाण मांडावं तर नेमकं सुकलालच्या बापाच्या नावावर. नंदुरबारच्या सरकारी विश्रामगृहाच्या ओसरीवर पौषातलं कोवळं ऊन आलं होतं, टेबलावरच्या चहावर साय धरली होती, आणि सुकलालला एकदम आपल्या कोटाची बाही आखूड आहे हे जाणवलं. कोट मित्राचा होता. मनगट दोन बोटं उघडं पडत होतं. ते त्यानं टेबलाखाली घेतलं.

ही तिसरी मुलाखत. पहिली मुंबईत, फोर्टमधल्या एका दगडी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर झाली होती, दिवाळीच्या आधी. लोकांनी कंपनीत पैसा ठेवायचा आणि कंपनीनं तो दहा गिरण्यांत, कारखान्यांत गुंतवायचा, असा तिथला धंदा. कुठल्या कारखान्यात पैसा घालावा आणि कुठल्यापासून चार हात लांब राहावं, हे अभ्यास करून सांगणारा माणूस त्यांना हवा होता. जाहिरातीत ‘संशोधन विभाग’ असं छापलेलं. सुकलाल तेव्हा नंदुरबारच्या एका जिनिंग प्रेसच्या कचेरीत कारकून होता, पुण्याहून बी. कॉम. होऊन आलेला, आणि प्रेसमधल्या मंडळींनी ती जाहिरात वाचून पोट धरून हसून घेतलं होतं. पैशाचं कसलं आलंय संशोधन? पैसा असला तर शोधायला लागत नाही, नसला तर सापडत नाही! सुकलालही हसला होता, आणि रात्री अर्ज लिहिला होता. तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर मात्र त्याचं हसू पार मावळलं. भिंतीभर कपाटं, कपाटांत वर्षावर्षाचे अहवाल, देशातल्या एकूणएक गिरण्यांचे. साहेब सत्तरीच्या घरातले, मूळचे सुरतेचे, मराठी स्वच्छ पण सावकाश बोलणारे. त्यांनी एका गिरणीचा अहवाल उघडून त्याच्यापुढे सरकवला. म्हणाले, “यात काय दिसतं?” सुकलालनं नफा सांगितला, तोटा सांगितला, पाठ केलेलं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. “गिरणी म्हणते, यंदा सूत दीडपट काढलं. कोळसा मात्र गेल्या वर्षापेक्षा कमी जाळला. मग सूत काय हातानं कातलं?”

बाप रे. सुकलालच्या अंगावर सरसरून काटा आला. ती गिरणी हजार मैलांवर कुठेतरी होती, साहेबांनी तिचा दरवाजाही पाहिला नव्हता. पण या म्हाताऱ्यानं खुर्चीत बसल्या बसल्या तिची नाडी धरली होती. लहानपणी शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं की सूर्य किती दूर आहे ते माणसानं जमिनीवर उभं राहून मोजलं, तेव्हा तो असाच आ वासून राहिला होता आणि घरी जाताना मान वर करकरून पडला होता, गुडघा फुटला होता. त्या दिवशी गाडीत बसून परत येताना, उधन्याला गाडी बदलून तापीकाठच्या ओळखीच्या रुळांवर लागल्यावरसुद्धा, त्याला खिडकीतून दिसणारं काहीही साधं वाटेना. स्टेशनात रचलेल्या केळीच्या घडांकडे बघावं तर वाटे, यांच्यामागे आकडा आहे. घाटावर धुणं धुणाऱ्या बायांकडे बघावं तर तेच. सगळं जग म्हणजे एक झाकलेलं भांडं आणि झाकण उचलायची युक्ती एका म्हाताऱ्याला ठाऊक. ती युक्ती आपल्याला आलीच पाहिजे; नाहीतर प्रेसच्या कचेरीत गाठींच्या पावत्या फाडता फाडता आपण मरून जाऊ आणि आपण जगलो होतो हे आपल्यालाही कळणार नाही. नोकरी हवी होती ती यासाठी. पगार बरा होता, ते खरंच. पण पगारासाठी माणसाची झोप अशी उडत नाही.

दुसरी मुलाखत लेखी झाली आणि तो तरला. तीस जणांतले दोघं उरले. मग तिसरीचं पत्र आलं ते वेगळंच. नंदुरबारचे व्यापारी नथमलशेठ सूतगिरणी काढणार होते आणि साहेबांच्या कंपनीनं तिच्यात पैसा घालावा अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या छापील माहितीपत्रकात म्हटलं होतं, गिरणीला लागेल तेवढा कापूस आजूबाजूच्या गावांतच आहे. साहेबांनी सुकलालला कळवलं: एक गाव निवडा. गावात खरोखर कापूस किती, ते पंधरा दिवसांत काढा. मी जानेवारीत तिकडे येतोय, समोरासमोर बोलू. दुसऱ्या उमेदवाराला असंच कुठलं तरी काम गुजरातेत दिलं होतं म्हणे. सुकलालनं पत्र वाचलं आणि मनातल्या मनात उडीच मारली. गाव निवडा! त्याचं गावच कोरीट. तिथली गुजर मंडळी त्याच्या नात्यागोत्यातली, निम्म्यांना तो काका म्हणायचा. याच्याइतकं सोपं काय असणार?

तिथंच फसला बिचारा. पहिल्या दिवशी मगनकाकांच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन, इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, “काका, कापूस कितला व्हयना औंदा?” मगनकाकांनी तोंड असं केलं की जणू यानं त्यांच्या घरच्या बायकांची वयं विचारली. “शे ना. पोटपुरता शे,” म्हणाले, आणि बैलाला वैरण टाकायला उठून गेले. दुसऱ्या ओट्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. शंभर मण वेचून बसलेला माणूस म्हणे, कसला कापूस नि काय, बोंडअळीनं खाल्ला बठ्ठा. यात लबाडी नव्हती, हे सुकलाललाही ठाऊक होतं, तो त्याच मातीतला. घरात असलेल्या पिकाचा आकडा तोंडातून काढायचा नाही, ही कोरीटची रीत. काढला की नजर लागते. खळ्यावर रास असो की खोलीत कापूस, त्याच्याकडे बघून ‘किती’ म्हणायचं नाही. म्हणालाच कुणी तर निम्म्याहून कमी सांगून मोकळं व्हायचं. सरकारनं मण रद्द करून क्विंटल आणला तेव्हा गावात फारशी चर्चाही झाली नव्हती. जे सांगायचंच नाही ते कशात का मोजेनात!

सहा दिवस वाया गेले. सातव्या दिवशी गावाबाहेर, नाल्याच्या कडेला दगूबाई भेटली. दगूबाई वेचणीच्या बायांची टोळी चालवायची; गावातल्या प्रत्येक शेतात तिची टोळी जायची आणि वेचलेल्या कापसातला सोळावा वाटा मजुरी म्हणून घ्यायची. सुकलाल थकून तिच्या झोपडीपुढच्या दगडावर बसला होता. सहज म्हणाला, मगनकाकांकडं औंदा कितीजणी होत्या? दगूबाईनं पाटीतल्या मिरच्या निवडता निवडता, मान वरसुद्धा न करता सांगितलं, “अठरा बाया. नऊ दिन.” सुकलाल बघतच राहिला. मग दुसरं घर विचारलं. मग तिसरं. दगूबाई घडाघडा सांगत गेली, कुठल्या घरी किती बाया, किती दिवस, सगळ्या वेचण्या धरून. तिला लिहिता येत नव्हतं; पण चार महिन्यांतला एक दिवस, एक बाई तिच्या डोक्यातून निसटली नव्हती. “तुले भ्याव नही वाटस, सांगाले?” त्यानं विचारलं. ती हसली. “मन्हा थोडाच शे तो कापूस? माले कसानी नजर?”

अन् झाकण उचललं गेलं! एक बाई दिवसाला अर्धा मण वेचते, हे तर पाळण्यातल्या पोरालाही माहीत. अठरा बाया, नऊ दिवस: एक्क्याऐंशी मण. मगनकाकांनी न सांगता सांगितले. पडताळा म्हणून टोळीला मिळालेले वाटे विचारले, सोळानं गुणले, तर तेही येऊन याच आकड्याला लागले.  सोळाची सोळा घरं त्याच्या वहीत उतरली आणि त्या संध्याकाळी गावातून जाताना त्याला भिंती नसल्यागत वाटत होतं. बंद दारांआडचा कापूस त्याला दिसत होता, इथं एक्क्याऐंशी, तिथं पंचावन्न, त्या कोपऱ्यात वीस. देवाला असंच दिसत असेल का? असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचीच त्याला भीती वाटली.

एकच घर त्यानं या रीतीनं काढलं नाही. गरजच काय? त्याच्या घरचा कापूस आतल्या खोलीत असायचा, खोलीला कुलूप, किल्ली वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, करगोट्याला. आबा एकटेच आत जायचे, अनवाणी. सुकलाल लहानपणापासून त्या दाराला तसाच ओळखत होता, उंबऱ्याबाहेरून. पण गेल्या महिन्यात, एका रविवारी, जेवताना आबांनी आपणहून सांगितलं होतं. भाकरीचा तुकडा मोडता मोडता, आवाज खाली आणून. “औंदा चाळीस.” बस, एवढंच.  कुणाला न सांगायचा आकडा आबांनी त्याला सांगितला होता. म्हणजे आता तो पोर राहिला नव्हता, घरातला मोठा माणूस झाला होता. नंदुरबारला परत येताना सायकलवर तो मोठमोठ्यानं गात आला होता. वहीत बाराव्या नावापुढे चाळीस लिहिताना त्याला किती बरं वाटलं! हा एक आकडा त्याला हिशेबानं काढावा लागला नव्हता. विश्वासानं मिळाला होता.

“हे चाळीस कुठून आले?” साहेबांनी विचारलं.

“वडिलांनी सांगितले, साहेब.”

“बाकीचे पंधरा?”

“वेचणीच्या बायांवरून.”

साहेबांनी मागचं पान उलटलं. तिथं दगूबाईनं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं होतं. सुकलालनंच उतरवलं होतं, सुवाच्य अक्षरात, ओळी आखून. सोळाची सोळा घरं उतरवली आणि बाराव्या ओळीकडे त्यानं पुन्हा पाहिलंच नव्हतं. पाहायचं कशाला, उत्तर हातात होतं ना! साहेबांची पेन्सिल त्या ओळीवर आली. चौदा बाया. दहा दिवस.  साहेबांनी पेन्सिल नुसती तिथं ठेवून दिली आणि चहा प्यायला लागले, थंडगार, सायीसकट.

चौदा दाहे एकशे चाळीस. त्याचे निम्मे सत्तर.

सुकलालनं मनात पुन्हा गुणलं. पुन्हा सत्तर. त्याला ओसरीसमोरचं कडुनिंबाचं झाड दिसत होतं, झाडाखाली साहेबांच्या टांग्याचं घोडं एक पाय सैल सोडून उभं होतं, आणि या सगळ्यांतून आबांचा चेहरा वर येत होता, भाकरी मोडणारा, आवाज खाली आणणारा. म्हणजे तेव्हाही. मगनकाकांना सांगितलं असतं तसंच मला सांगितलं. मी सायकलवर गात आलो. लाज वाटली त्याला, कानशिलं गरम झाली. आणि लाजेच्या तळाशी, का कोण जाणे, पुन्हा तोच काटा अंगावर उभा राहिला, तिसऱ्या मजल्यावरचा. केवढी ही युक्ती! तिला आपला-परका नाही. ज्याच्या हातात आहे त्याच्याही घरात ती शिरते आणि त्याच्या बापाच्या पोटातलं बाहेर काढते.

“मिस्टर पाटील,” साहेब सावकाश म्हणाले, “दोन्ही खरं असू शकत नाही. तुमचा आकडा चाळीस असेल तर तुमची पद्धत चुकली. मग ही पंधरा घरंही चुकली, आणि मला तुमचा उपयोग नाही. पद्धत बरोबर असेल तर...” पुढचं त्यांनी गिळलं. भला माणूस होता. जरा थांबून, दुसरीकडेच बघत म्हणाले, “सुरतेला माझे वडील जरीचं काम करत. घरात जरीची तार किती आहे हे त्यांनी आयुष्यभर मला सांगितलं नाही. ते गेल्यावर मी पेट्या उघडल्या. घाई नाही. विचार करा.”

विचार कसला करायचा? सांगायला पळवाटा पुष्कळ होत्या. आमच्याकडं त्या बाया निंदायलाही येतात, साहेब. आमच्या शेतात कापूस पातळ होता. दगूबाईचं चुकलं असेल. यातली एक जरी सांगितली असती तरी साहेबांनी मान डोलावली असती, त्याची अब्रू राखली असती आणि मुंबईला जाऊन दुसऱ्याला पत्र पाठवलं असतं.  परक्या माणसापुढं, सरकारी ओसरीवर, जन्मदात्याला खोटं पाडायचं! त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. आणि दुसरीकडे ती वही होती, तो सातवा दिवस, नाल्याकाठची ती दुपार, दगूबाईचं एकही न चुकलेलं डोकं. ते खोटं होतं म्हणायचं? ते खोटं असेल तर मग खरं काय उरलं? चहाच्या कपावर माशी बसली, उडाली, पुन्हा बसली.

“पद्धत बरोबर आहे, साहेब,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. “आमच्याकडे सत्तर मण आहे.”

साहेब हसले नाहीत, शाबासही म्हणाले नाहीत. त्यांनी चाळीसवर बारीक रेघ मारली, बाजूला सत्तर लिहिलं, आणि पेन्सिल खिशात अडकवताना म्हणाले, “एक तारखेपासून या.” मग उठून उभे राहिले आणि या आखूड बाहीच्या पोराशी त्यांनी दोन्ही हातांनी हात मिळवला.

कोरीटला पोचेतो दिवस कलला होता. गुरं परतत होती, धुळीनं रस्ता पिवळा झाला होता. आबा ओट्यावर दोरी वळत बसलेले. लेकाला सायकलवरून उतरताना बघून त्यांनी दोरी मांडीखाली दाबली.

“मिळनी का?”

“मिळनी, आबा.”

आबांचे डोळे भरून आले. तसे ते हळवे गृहस्थ. उपरण्यानं डोळे पुसून, नाक ओढून म्हणाले, “काय विचारं त्यास्नी?”

“कापूसनं विचारं.”

“कोणा कापूस?”

“बठ्ठास्ना. आपला बी.” आता लपवायचं तरी काय? “मी सत्तर सांगं, आबा.”

आबा रागावतील असं त्याला वाटलं होतं. रस्ताभर तो त्या रागाची तयारी करत आला होता, त्याच्यावर आपलंही एक वाक्य त्यानं शोधून ठेवलं होतं: मग मला चाळीस का सांगितलंत? पण आबा रागावले नाहीत. ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले, पाहुण्याकडे बघावं तसे, आणि ओट्याची कड धरून उठले. करगोट्याची किल्ली काढली. आत जाऊन त्यांनी खोलीचं कुलूप उघडलं आणि दार ढकललं.

सुकलाल उंबऱ्याशी उभा राहिला. खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढरी होती. खिडकी बुजून गेली होती, तरी आत उजेड होता, कापसाचाच. उन्हाळ्यातल्या पहाटे अंगणात असतो तसा वास येत होता, उबदार, किंचित सरकीचा. सत्तर हा आकडा त्यानं इतक्यांदा मनात घोळवला होता. पण सत्तर म्हणजे हे, हे त्याला माहीत नव्हतं.  शोधून ठेवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं.

“सत्तर?” आबा मागून हळूच म्हणाले. “खरंच सत्तर शे?” आणि मग सुकलालला कळलं की ते विचारताहेत. “मी कधी मापं नही रे. मन्हा बाप बी चाळीसच सांगे, मी बी चाळीसच सांगस. पीक येवो का नही येवो. घरमा शे तवलोंग आकडा नही. बाहेर पडना का मंग काटा सांगी.” त्यांनी आढ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. “तुले न मापता समजनं?”

“हा, आबा.”

आबांनी हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखे एकमेकांत धरले. म्हणाले, “सकाळ गाड्या जुपू. आते हाई घरमा ठेवता येवाव नही.” भाव पडलेला होता, संक्रांतीनंतर चढेल म्हणून सगळं गाव थांबलं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. 

चुलीपुढून माय, सुगंधाबाई, उठून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या एका मुठीत खडेमीठ होतं, दुसऱ्या हातात सात लाल मिरच्या, देठांसकट. लेकाच्या नोकरीचं तोंड गोड करायचं ते राहूनच गेलं होतं. गूळ चुलीपाशी वाटीत तसाच. त्या उंबऱ्याशी आल्या आणि सुकलालपुढं वाकल्या.

“पाय उचल, भाऊ.”

“माय?”

“उजवा. तुन्हा पायखालनी माटी लागी.”

ज्याची नजर लागली असेल त्याच्या पावलाखालची माती दृष्टीत घालावी लागते, नाहीतर ती उतरत नाही. सुकलालनं पाय उचलला. मायनं त्याच्या पावलाच्या ठशातली चिमूटभर माती मिठात घातली, आणि मूठ कापसाच्या राशीवरून सात वेळा फिरवली, ओठांतल्या ओठांत पुटपुटत, लेकाकडे एकदाही न बघता. मग चुलीशी जाऊन सगळं निखाऱ्यांवर टाकलं. नजर लागलेली नसली तर मिरच्यांचा ठसका लागतो आणि घर खोकून बेजार होतं. लागलेली असली तर मिरच्या गुमान जळून जातात.

तिघंही चुलीभोवती उभे राहिले. मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या, मीठ तडतडलं. सुकलालनं छातीभरून श्वास घेतला, पुन्हा घेतला.

कुणालाच ठसका लागला नाही.